जागतिक बँकेचे आकडेभांडार: वाद घालण्यापूर्वी उघडावी अशी सेवा

जागतिक विषमता, गरीब देशांवरचे कर्ज, चीन अमेरिकेच्या पुढे गेला की नाही, नाणेनिधीत कोणाला किती मते असावीत, अशा कोणत्याही विषयावरचा लेख घेतला तरी त्यात जागतिक बँकेचा एखादा आकडा हमखास सापडतो. तो आकडा जिथून उचललेला असतो ते ठिकाण मात्र फार थोडे वाचक स्वतः उघडून पाहतात. जागतिक बँकेचे खुल्या आकडेवारीचे संकेतस्थळ ही नोंदणी न करता आणि एक पैसाही न देता वापरता येणारी सेवा आहे, आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी गांभीर्याने समजून घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी तिच्याइतकी उपयोगाची दुसरी सार्वजनिक सेवा मला ठाऊक नाही. तिचे परीक्षण करताना माझा भर एकाच गोष्टीवर आहे: तिथला प्रत्येक आकडा कोणीतरी घेतलेल्या निर्णयातून तयार झालेला आहे, ते निर्णय कोणते हे ही सेवा बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे लिहून ठेवते, आणि ते लिहिलेले वाचणाऱ्यालाच तिचा खरा लाभ होतो.

ही आकडेवारी नेहमीच मोफत नव्हती. एप्रिल २०१० पर्यंत तिचा मोठा भाग वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांना आणि विद्यापीठांनाच मिळत असे. रॉबर्ट झोलिक बँकेचे अध्यक्ष असताना ती सर्वांसाठी खुली झाली. आज ‘जागतिक विकास निर्देशक’ या मुख्य संचात सुमारे दीड हजार निर्देशक, म्हणजे बालमृत्यू किंवा निर्यात यांसारखी मोजमापे, आणि २१७ अर्थव्यवस्था आहेत, आणि अनेक मालिका १९६० पासून सुरू होतात. स्रोताचा उल्लेख केला की हे आकडे कोणीही पुन्हा छापू शकतो, त्यांवर आपले आलेख काढू शकतो, त्यांवर आधारलेले पुस्तक विकूही शकतो. ज्या देशाची आकडेवारी आहे त्याच देशातल्या विद्यार्थ्याला ती पाहण्यासाठी पैसे मोजावे लागत होते, ही स्थिती संपली, हे मी या सेवेचे पहिले आणि मोठे श्रेय मानतो.

वापराच्या दृष्टीने संकेतस्थळ सरळ आहे. शोधपेटीत देशाचे किंवा निर्देशकाचे नाव लिहिले की आलेख समोर येतो, त्यावर दुसरा देश चढवता येतो आणि सगळा तक्ता एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात उतरवून घेता येतो. ज्यांना अनेक देश, अनेक वर्षे आणि अनेक निर्देशक एकत्र मांडायचे आहेत त्यांच्यासाठी ‘डेटाबँक’ नावाचे वेगळे साधन आहे, आणि प्रोग्राम लिहिता येणाऱ्यांसाठी एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून आकडे थेट मागवण्याची सोय. यांपैकी काहीही शिकायला वेळ लागत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. प्रत्येक आलेखासोबत असलेल्या ‘तपशील’ या दुव्याकडे मात्र वाचकाने पहिल्याच दिवशी वळावे. निर्देशकाची व्याख्या, तो मोजण्याची पद्धत, मूळ स्रोत आणि ‘मर्यादा व अपवाद’ हे सगळे तिथे असते. आकडा उतरवून घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण हे पान उघडत नसावेत, असे वर्तमानपत्रांतले आलेख पाहून वाटते.

त्या पानाचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था कोणती, या प्रश्नाला हे संकेतस्थळ दोन उत्तरे देते, आणि दोन्ही बरोबर आहेत. स्थूल देशांतर्गत उत्पादन बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये बदलले तर अमेरिका स्पष्टपणे पुढे आहे: २०२३ मध्ये अमेरिकेचे उत्पादन २७ लाख कोटी डॉलरहून अधिक, तर चीनचे १८ लाख कोटींच्या आसपास. तेच उत्पादन क्रयशक्तीच्या समानतेने मोजले, म्हणजे त्या त्या देशात त्या पैशात प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा मिळतात ते पाहिले, तर चीन पुढे जातो. ‘आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम’ या नावाने बँक समन्वय करत असलेल्या किंमत-सर्वेक्षणाच्या २०१७ च्या फेरीत चीन १९.६ लाख कोटी आणि अमेरिका १९.५ लाख कोटी, असे दोन्ही देश जवळजवळ बरोबरीत होते. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२१ च्या फेरीत जागतिक उत्पादनातला चीनचा वाटा १८.९ टक्के आणि अमेरिकेचा १५.५ टक्के निघाला. परदेशातून यंत्रे, तेल किंवा शस्त्रे घ्यायची असतील तर पहिले माप उपयोगाचे; लोकांचे राहणीमान तोलायचे असेल तर दुसरे. जो लेखक माप न सांगता ‘चीनने अमेरिकेला मागे टाकले’ असे लिहितो, त्याने वाचकाला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही, तो सत्तेच्या वाटपापर्यंत पोहोचतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत प्रत्येक सदस्याचा कोटा, म्हणजे निधीच्या भांडवलातला त्याचा वाटा, आणि त्या कोट्यावर बहुतांशी ठरणारे मतांचे वजन, ज्या सूत्राच्या आधाराने चर्चिले जाते त्यात उत्पादनाला ५० टक्के भार आहे, आणि त्या उत्पादनाच्या मोजणीत ६० टक्के बाजारदर व ४० टक्के क्रयशक्ती असे मिश्रण आहे. हे ६० आणि ४० कोणत्या निसर्गनियमातून आलेले नाहीत. ती वाटाघाटीत झालेली तडजोड आहे. क्रयशक्तीचा भार वाढवला की आशियातल्या मोठ्या देशांचा वाटा वाढतो, कमी केला की श्रीमंत देशांचा टिकतो. आज अमेरिकेकडे नाणेनिधीतली साधारण १६.५ टक्के मते आहेत, आणि सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागत असल्यामुळे एकट्या अमेरिकेचा नकार पुरेसा ठरतो. चीनकडे सहा टक्क्यांच्या थोडी वर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कोट्यांचा सोळावा आढावा संपला तेव्हा सर्वांचे कोटे सारख्या प्रमाणात, ५० टक्क्यांनी, वाढवण्याचे ठरले, म्हणजे परस्परांतला वाटा जिथे होता तिथेच राहिला. या वादात उतरणाऱ्याने बँकेच्या संकेतस्थळावरून दोन्ही मापांचे स्तंभ शेजारी शेजारी उतरवून पाहावेत. कोणत्या देशाचा प्रतिनिधी कोणत्या मापाचा आग्रह का धरतो, हे त्यानंतर फारसे समजावून सांगावे लागत नाही.

दारिद्र्याची आकडेवारी ‘दारिद्र्य आणि विषमता मंच’ या वेगळ्या विभागात आहे, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे. अतिदारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा १९९० च्या जागतिक विकास अहवालात दिवसाला एक डॉलर अशी मांडली गेली. पुढे ती १.२५, मग १.९०, सप्टेंबर २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. किमतींच्या प्रत्येक नव्या फेरीनंतर आणि सर्वांत गरीब देशांच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषा पुन्हा पाहून ती बदलली जाते. शेवटच्या बदलाने २०२२ या एकाच वर्षासाठीची अतिगरिबांची संख्या ७१ कोटी ३० लाखांवरून ८३ कोटी ८० लाखांवर गेली, आणि प्रमाण ९ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर. त्याच फेरीत भारताच्या नव्या सर्वेक्षणाचे आकडे आले नसते तर ही वाढ आणखी मोठी दिसली असती. एवढी माणसे एका रात्रीत गरीब झाली नाहीत. आपली मोजपट्टी बदलली. जुन्या पट्टीचा २०१९ चा आकडा आणि नव्या पट्टीचा २०२४ चा आकडा शेजारी ठेवून ‘दारिद्र्य वाढले’ असे लिहिणे चुकीचे आहे, आणि हा मंच ते टाळण्याची सोय देतो: रेषा आपण स्वतः बदलावी, आणि कोणत्या रेषेखाली किती लोक येतात ते देशानुसार व वर्षानुसार पाहावे.

या रेषेवर गंभीर आक्षेप आहेत, आणि परीक्षणात त्यांची नोंद हवीच. संयुक्त राष्ट्रांचे अतिदारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी २०२० च्या अहवालात असे म्हटले की बँकेची रेषा फार खालची आहे आणि तिच्यामुळे दारिद्र्यनिर्मूलनाचे यश फुगलेले दिसते. अर्थतज्ज्ञ अँथनी ॲटकिन्सन यांच्या अध्यक्षतेखाली बँकेनेच नेमलेल्या आयोगाने २०१६ मध्ये सुचवले होते की पैशाच्या रेषेसोबत शिक्षण, आरोग्य यांसारख्या वंचनांचे मोजमाप द्यावे आणि आकड्यांतल्या त्रुटीची संभाव्य व्याप्तीही उघड सांगावी. यांतली पहिली सूचना बँकेने बहुआयामी दारिद्र्याचा मापक आणून बऱ्याच अंशी अमलात आणली. दुसरी सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचे प्रतिबिंब आलेखांवर अजून पुरेसे दिसत नाही. अनेक देशांत सर्वेक्षण पाच-सात वर्षांतून एकदा होते आणि मधली वर्षे अंदाजाने भरली जातात. तरीही आलेखावरची रेषा अखंड आणि ठाम दिसते. सामान्य वाचकासाठी ही रेषा जिथे अंदाजाची आहे तिथे ती ठळकपणे वेगळी दिसायला हवी.

विषमतेचा गिनी गुणांक (शून्य म्हणजे पूर्ण समता, शंभर म्हणजे कमाल विषमता) वापरताना त्याहून जास्त जपावे लागते. लॅटिन अमेरिकेत आणि बहुतेक श्रीमंत देशांत हा गुणांक उत्पन्नाच्या सर्वेक्षणातून काढतात, तर आशिया आणि आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत उपभोग-खर्चाच्या सर्वेक्षणातून. श्रीमंत कुटुंब आपले सगळे उत्पन्न खर्च करत नाही, त्यामुळे खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा सहसा कमी भरते. जुलै २०२५ मध्ये भारताचा २५.५ हा गुणांक घेऊन भारत जगातल्या सर्वांत समतापूर्ण देशांत चौथा असल्याचे सरकारी निवेदनात सांगितले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. ज्या देशांशी तुलना केली त्यांपैकी अनेकांचे आकडे उत्पन्नाचे होते आणि भारताचा खर्चाचा. बँकेच्या स्वतःच्या टिपणातच असे नोंदवले होते की आकडेवारीच्या मर्यादांमुळे भारतातली विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसत असण्याची शक्यता आहे. तपशीलाचे पान वाचले गेले असते तर या वादाचा बराचसा भाग उद्भवला नसता. इथे सेवेचाही काही दोष आहे, कारण दोन वेगळ्या जातींचे आकडे ती एकाच नकाशावर एकाच रंगपट्टीत दाखवते आणि फरक समजून घेण्याचे काम वाचकावर सोपवते.

आर्थिक वाढीच्या आकड्यांबाबतही अशाच सावधगिरीची गरज आहे. २०१५ मध्ये आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली दिसते, याचे मुख्य कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली हे होते. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि रचना धरून उत्पादन मोजतात ते वर्ष, बदलले आणि अर्थव्यवस्थेचा आकार एकदम ८९ टक्क्यांनी वाढला. चित्रपट आणि दूरसंचार यांसारखी क्षेत्रे तोपर्यंत नीट मोजलीच जात नव्हती. उत्तर कोरियाच्या उत्पादनाची रकाने रिकामी आहेत. विश्वासार्ह आकडे न मिळाल्यामुळे व्हेनेझुएलाला २०२१ मध्ये उत्पन्नगटांच्या वर्गवारीतून बाजूला काढावे लागले. हा रिकामेपणा मला दोष वाटत नाही. खात्रीचा आकडा नसताना रकाना मोकळा ठेवणे हा चांगल्या आकडेशास्त्राचा भाग आहे.

कर्जाच्या आकडेवारीसाठी मी ही सेवा विशेष आग्रहाने सुचवेन. बँकेकडून कर्ज घेणाऱ्या देशांनी आपल्या परदेशी कर्जाचा हिशेब बँकेला कळवण्याची पद्धत १९५१ पासून आहे, आणि त्यातून आज कोणत्या देशावर कोणत्या प्रकारच्या धनकोचे किती देणे आहे, हे पाहता येते. विकसनशील देशांनी २०२३ मध्ये परदेशी कर्जाच्या परतफेडीपोटी १.४ लाख कोटी डॉलर भरले, त्यांपैकी ४०६ अब्ज डॉलर केवळ व्याज होते, हे याच आकडेवारीतून समोर आले. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जफेड थांबवली आणि सरकारी धनकोंशी करार व्हायला जून २०२३ उजाडले. ही वाटाघाट इतकी का रेंगाळली, याचे पहिले उत्तर देण्याच्या वाटणीत दिसते: चीनच्या बँका, पाश्चात्त्य रोखेधारक आणि जागतिक बँक, नाणेनिधी यांसारख्या बहुपक्षीय संस्था असे तीन मोठे गट, आणि आधी कोणी सोसायचे यावर त्यांचे एकमत नाही. मात्र ही नोंद कर्जदाराने कळवलेल्या माहितीवर उभी आहे. मोझांबिकच्या सरकारी कंपन्यांसाठी दिलेली एक अब्ज डॉलरहून मोठी हमी २०१६ पर्यंत कोणालाच कळवलेली नव्हती. ती उघडकीस आली तेव्हा नाणेनिधीने आपले साहाय्य थांबवले. तारण ठेवून काढलेली आणि सरकारी कंपन्यांच्या नावावरची कर्जे या तक्त्यांत पूर्ण येतातच असे नाही, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत.

विश्वासार्हतेच्या मुद्द्यावर ‘डूइंग बिझनेस’ या क्रमवारीचे प्रकरण टाळता येत नाही. उद्योग करणे कोणत्या देशात किती सोपे आहे याची ही यादी २००३ पासून दर वर्षी येत होती, आणि तिच्यात चार पायऱ्या वर चढण्यासाठी सरकारे कायदे बदलत होती. २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे आढळले. बाहेरच्या विधी-संस्थेने केलेल्या चौकशीनुसार २०१८ च्या अहवालात ७८ वर दाखवलेला चीन बदल केले नसते तर ८५ वर असता, आणि हे बदल बँकेच्या वरिष्ठ पातळीवरच्या दबावाखाली झाले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ही मालिका बंद करण्यात आली. बँकेच्या भांडवलवाढीच्या वाटाघाटी सुरू असताना तिच्या मोठ्या भागधारकाचा, म्हणजे चीनचा, क्रमांक बदलावा, यातून संस्थेच्या रचनेतला मूळ पेच दिसतो: ज्यांचे मूल्यमापन करायचे तेच मालक आहेत. हे सांगितल्यावर हेही सांगायला हवे की चौकशी बँकेनेच करवून घेतली आणि तिचा अहवाल प्रसिद्धही केला. या क्रमवारीच्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘बी-रेडी’ या नव्या प्रकल्पात सुरुवातीला ५० अर्थव्यवस्था घेतल्या आहेत. देशांना एकाखाली एक बसवणाऱ्या कोणत्याही यादीपेक्षा मूळ निर्देशकांकडेच जावे, असा माझा सल्ला आहे. लोकसंख्या, बालमृत्यू, वीजजोडणी किंवा निर्यात यांच्या मालिका या प्रकरणाशी संबंधित नव्हत्या.

राजकारणाची आणखी एक खूण देशांच्या यादीतच आहे. तैवान तिथे स्वतंत्रपणे नाही. जगातल्या अत्याधुनिक चिप ज्या बेटावर मोठ्या प्रमाणात बनतात त्याची अर्थव्यवस्था या संकेतस्थळावर शोधून सापडत नाही, आणि पुरवठा साखळ्यांवर लिहिणाऱ्याला ही उणीव चांगलीच जाणवते. नाणेनिधीच्या ‘जागतिक आर्थिक दृष्टिक्षेप’ या आकडेसंचात तैवान आहे, पण चीनचा प्रांत या नावाने. हा संच एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघतो आणि पुढच्या पाच वर्षांचे अंदाजही देतो, म्हणून वित्तीय तूट, सरकारी कर्ज आणि चालू खाते यांसाठी तो जवळ ठेवावा. दारिद्र्य, शिक्षण, आरोग्य आणि परदेशी कर्ज यांसाठी बँकेचे संकेतस्थळ अधिक खोल आहे.

संकेतस्थळ इंग्रजीखेरीज स्पॅनिश, फ्रेंच, अरबी आणि चिनी भाषांत आहे. बँकेच्या सर्वांत मोठ्या कर्जदारांपैकी काही देश दक्षिण आशियात असताना तिथली एकही भाषा या यादीत नसावी, हे मला पटत नाही. निदान व्याख्या आणि मर्यादा सांगणारी पाने तरी या भाषांत यायला हवीत, कारण चुकीचे अर्थ काढले जातात ते तिथेच.

शेवटी एका फारशा न चर्चिल्या जाणाऱ्या सोयीचा उल्लेख करतो. बँक आपले आकडे वर्षातून अनेकदा सुधारते, पण विकास निर्देशकांच्या जुन्या आवृत्त्या पुसून टाकत नाही. त्या वेगळ्या संग्रहात ठेवलेल्या आहेत. २०१२ मध्ये एखाद्या धोरणकर्त्यासमोर नेमके कोणते आकडे होते, आणि आज त्याच वर्षासाठी कोणते दाखवले जातात, हे त्यामुळे ताडून पाहता येते. लेखात आकडा देताना त्यासोबत निर्देशकाचे पूर्ण नाव, माप आणि आकडा उतरवून घेतल्याचा महिना लिहिला, तर वाचकाला हा संग्रह उघडून तो आकडा स्वतः पडताळता येईल.